शिवेपलीकडचं गॅस्केट

आमच्या सासऱ्यांच्या मते या जगात मोडलेली अशी वस्तूच नव्हती. ज्या वस्तूला आपण मोडकी म्हणतो ती त्यांच्या लेखी फक्त दमलेली असायची. विहिरीचा रहाट दमायचा, कंदील दमायचा, शहाद्याला जाणारी मोटार तर रोजच दमायची, आणि ती रस्त्यात उभी राहिली की बाकीचे उतारू ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत असताना हे पुढे जाऊन तिच्या तोंडावरून हात फिरवायचे. "बंद नई पडनी ती, इसावा खाई ऱ्हायनी," असं वर सगळ्यांना बजावायचे. बाकीचे लोक कमरेला तंबाखूची पिशवी खोचतात, हे पाना खोचत. धोतर, पांढरी टोपी, अंगात बंडी आणि कमरेला पाना, अशा वेषात ते आमच्या लग्नातही उभे होते. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाच्या पलीकडे मला नवरीच्या आधी तो पाना दिसला होता. माझी ओळख आधी त्या पान्याशी झाली आणि मग संसाराशी.

तापीकाठी, कळसाडीच्या अंगाला त्यांचं गाव. कापूस, केळी, थोडा ऊस, चार बैल, दावणीला गाई. शेती चांगली, घर भरलेलं, माणसाला कशाची ददात नव्हती. पण यंत्र दिसलं की त्यांचं मन लहान मुलासारखं त्याच्या मागे धावायचं. माणसांनाही ते यंत्राच्याच मापाने मोजत. कुणाला खोकला झाला की कार्बोरेटरमध्ये कचरा आहे म्हणत, कुणी जेवणानंतर पेंगू लागला की तेल जास्त झालं म्हणत. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आमची ही कशावरून तरी माझ्यावर रुसून माहेरी जाऊन बसली. मी तिला न्यायला गेलो तर सासऱ्यांनी मला ओटीवरच थांबवून हळूच सांगितलं, "तपेल शे, जवाईबापू. जरासं उभं ऱ्हाऊ द्या, मंग किल्ली मारा." मी तसंच केलं. खरं सांगतो, संसारात याहून उपयोगी सल्ला मला अजून कुणी दिलेला नाही.

एकदा ते धुळ्याला एका लिलावात गेले. गेले होते लोखंडी पेटी घ्यायला. परत आले ते बैलगाडीत एक अजब जनावर घालून. कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातली, हिरवळ कापायची गाडी होती ती. वर बसायला पत्र्याचं सीट, पुढे धरायला चाक, मागे छोटं पेट्रोलचं इंजिन आणि पोटाखाली फिरणारी पाती. साहेब त्यावर बसून अंगणातलं गवत कापत असे म्हणे. आमच्या गावात हिरवळ हा प्रकार कुणाला ठाऊक नव्हता. गवत होतं, पण ते बैलांचं होतं, त्याला कुणी शोभेसाठी वाढवत नसे. सासऱ्यांनी मात्र पक्का विचार केला होता. या गाडीवर बसून बांधावरचा लसूणघास कापायचा, बैलांना आयता चारा! तो कापला गेलाही, पण इतका बारीक, की बैलाने जीभ लावली तर जिभेलाही सापडू नये. सासूबाई म्हणाल्या, याची मिसरी करून दात घासा. सासरे हरले नाहीत. त्यांनी तो भुसा पाण्यात कालवून बैलांना पाजून पाहिला. बैलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि तो प्रयोग संपला. पुढे ती गाडी फक्त बसून फिरण्यापुरती उरली. ते तिच्यावरून शेतात जात, नदीवर जात, बाजाराच्या दिवशी वेशीपर्यंत जात. बरोबर चालणारा माणूस त्यांच्याही पुढे निघून जाई, पण ते बसलेले असत आणि तो चालत असे, हा फरक त्यांना पुरेसा होता.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. ते मी सहसा टाळतो. माझे वडील धुळ्यात एका जिनिंग कारखान्यात इंजिनाचे फिटर होते. शिस्तीचा माणूस, हाताचा पक्का, शब्दाचा कंजूष. मी लहानपणी त्यांच्या इंजिनघराच्या उंबऱ्यावर तासन् तास उभा राहायचो. आत पाऊल टाकलं की एकच वाक्य ऐकू यायचं, "हात काळे करायचे नाहीत. शाळेत जा." त्यांची इच्छा होती की मी पांढऱ्या कपड्यात राहावं, आणि मी राहिलो. शाळेत शास्त्र शिकवू लागलो. इंजिनात काय काय असतं ते मुलांना फळ्यावर खडूने काढून दाखवायचो. पण माझ्या हातात पाना असा कुणी कधी दिला नव्हता. सासरी आलो तर तिथे त्याहून कडक सोवळं. आमच्याकडे जावई म्हणजे देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. त्याला न्हाऊ घालायचं, खाऊ घालायचं, पण त्याने हलायचं नाही. मी पाण्याचा तांब्या उचलायला वाकलो की चार माणसं धावत. एकदा मी ताटावरची माशी स्वतः हाकलली, तर सासूबाईंनी पंखा हलवणाऱ्या पोराला बोल लावले. म्हणजे घरी वडील हात काळे करू देत नव्हते आणि इथे सासरे. फरक एवढाच, की सासऱ्यांना मनातून फार वाटायचं, कुणीतरी हात लावावा. स्क्रू धरायला तिसरा हात नसला की ते माझ्याकडे बघत आणि मग चटकन नजर वळवत.

त्या वर्षी गाडीचं गॅस्केट उडालं. इंजिनाच्या सिलिंडरवर जे झाकण असतं त्याला हेड म्हणतात. सिलिंडर आणि हेड यांच्या मध्ये एक पातळ चकती बसवलेली असते. पुरणाच्या पातेल्यावर झाकण ठेवून कडेने कणीक लिंपावी तसं तिचं काम. आतला दाब बाहेर जाऊ द्यायचा नाही. ती चकती फाटली आणि तीही कुठे, तर ऐन बाजाराच्या दिवशी, वेशीत, सगळ्या गावासमोर. आधी "फट्" झालं, मग सापाने फुत्कारावं तसं "फुस्स फुस्स", आणि जवळ उभी असलेली एक बैलजोडी आपल्या बैलगाडीसकट पळाली ती थेट नदीपर्यंत. मग सुरू करायची दोरी कितीही ओढली तरी इंजिन ढिम्म. दोरी अशी हलकी यायची, की जणू आत कुणी नाहीच.

सासऱ्यांनी अर्थातच जाहीर केलं की गाडी दमली आहे. आणि ते कामाला लागले. पहिलं गॅस्केट त्यांनी आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचं केलं. चांगला जाड कागद होता, वर गणपती होता, त्यांना वाटलं शुभही होईल. ते दोन ठोक्यांत जळालं. दुसरं जुन्या जोड्याच्या चामड्याचं केलं. ते जरा जास्त टिकलं, पण त्याच्या वासाने गल्लीतल्या लोकांनी दारं लावून घेतली, आणि कुणीतरी येऊन विचारून गेलं की घरात कुणाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना. मग केळीच्या खोडाच्या सोपटाचाही प्रयोग झाला. त्याबद्दल घरात बोलायची बंदी होती.

ही गाडी गोठ्यात उभी होती, आणि गाय व्यायला झाली होती. सासूबाई कमी बोलणाऱ्या, पण एकदा बोलल्या की निकाल. त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोळा लोंग चालू व्हयनं तं ठीक. नई तं दुसरा दिन भंगारवाला लई जाई. मन्ही गाय मी कोठे बांधू? तुम्हना डोकावर?" भंगारवाल्याला निरोपही गेला होता. सासऱ्यांनी त्या दिवसापासून जेवण कमी केलं.

ही आणि मी पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचलो. त्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि मग दोन दिवस त्यांच्या खांद्यावर जू म्हणून ठेवायचं नाही. घरात पुरण शिजत होतं, पोरं शिंगांना रंग लावत होती, आणि सासरे एकटे गोठ्यात त्या उघड्या इंजिनापुढे उकिडवे बसले होते. मी दारात जाऊन उभा राहिलो. पुन्हा तोच उंबरा, पुन्हा मी बाहेर. हेडवर जळक्या कागदाचा थर होता आणि त्यात "शुभ" एवढी दोन अक्षरं अजून वाचता येत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तांब्याचा पत्रा हवा. लाल तापवून पाण्यात बुडवलेला. मग तो मऊ पडतो आणि बरोबर बसतो." वडिलांना तसं करताना मी उंबऱ्यावरून पाहिलं होतं.

सासऱ्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की मला भीती वाटली. ते उठून घरात गेले आणि थोड्या वेळाने उपरण्याखाली काहीतरी लपवून परत आले. त्यांच्या मागोमाग सासूबाई.

"काढा ते! काढा आधी!"

उपरण्याखालून तांब्याची परात निघाली. आमच्या लग्नात याच परातीत माझे पाय धुतले होते.

"या परातमा जवाईना पाय धुयेल शेतस!" सासूबाई म्हणाल्या. "लाज शे का तुम्हले?"

"पाय धुवाई गयात. आते परात रिकामीच शे," सासरे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "परात तुम्हनी, पाय तुम्हना व्हतात. तुम्हीच सांगा, जवाईबापू."

मी जन्मात कधी इतक्या घाईने होकाराची मान हलवली नव्हती.

पण परात मिळाली तरी कापणार कोण, धरणार कोण? घरचा सालदार बैलांना घेऊन नदीवर गेलेला. मी म्हणालो, मी धरतो. सासरे दचकलेच. "जवाईना हातमा पाना? मन्हा घरमा? गाव मन्हा तोंडमा शेन घाली!" ते पान्याने डोकं खाजवू लागले. आणि मग एकदम उठले. असा विचार फक्त त्यांनाच सुचू शकत होता. जावई गावचा जावई असतो, बरोबर? मग गावाची शीव ओलांडली की तो कुणाचाच जावई नाही!

मिरवणूक निघाली. बैलांना जुंपायचं नव्हतं, म्हणून सासरे स्वतः गाडी ढकलू लागले. बैलांना पाण्यात सोडून घराकडे निघालेला सालदार वाटेत भेटला, तो पण शिवेपर्यंत लागला. मी हात लावायचा नव्हता, कारण आम्ही अजून गावात होतो. म्हणून मी पांढरेशुभ्र कपडे घालून पुढे चालत होतो आणि मागून घामाघूम झालेली दोन माणसं एक लोखंडी गाडी ढकलत होती. त्या गाडीवर परात, आरसा, कुंकवाचा करंडा आणि पत्रा कापायची कात्री. एका म्हातारीने डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, "कोना नवरदेव वं हाऊ?" कुणीतरी उत्तर दिलं, "मास्तर. दुसरं लगीन करी ऱ्हायना वाटते."

नदीच्या वाटेवर शेंदूर फासलेला शिवेचा दगड होता. गाडी त्याच्या पलीकडे गेली. सासरे थांबले, धाप टाकली, टोपी मागे सरकवली आणि मला म्हणाले, "आठलोंग तुम्ही जवाई. हाऊ दगडना पलीकडे तुम्ही मास्तर. बाह्या वर करा." मी दगड ओलांडला. त्यांनी कमरेचा पाना काढला, जरासे थबकले, आणि मग मोठ्याने म्हणाले, "धर रे भो!"

भो म्हणजे भाऊ. तो पाना गरम होता, त्यांच्या पोटाच्या उबेने. मी तो धरला. त्यापुढची दुपार मी माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही सणाच्या बदल्यात देणार नाही. आम्ही हेड खरवडून साफ केलं. आरशावर तेलात कालवलेलं कुंकू पसरून त्यावर हेड ठेवलं. जिथे कुंकू लागलं तिथे उंचवटा, तिथे घासायचं. सासरे म्हणाले, हेडला कुंकू लावलं, आता याचंही लग्न लागलं. मग हेडवर कागद ठेवून तेलकट बोटांनी दाबला, तशी त्याच्यावर सगळी भोकं मेंदीसारखी उमटली. तो कागद परातीच्या बुडावर ठेवून आम्ही तांबं कापलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळात ते लाल केलं आणि नदीच्या पाण्यात टाकलं. "चर्र" आवाज झाला आणि दोघांनी एकदम "आहा" म्हटलं, जेवायला बसल्यासारखं.

मग बोल्ट आवळायची वेळ आली आणि तिथे मला आधीच्या सगळ्या गॅस्केटांच्या मरणाचं कारण कळलं. सासरे पूर्वेकडचा बोल्ट आधी, शुभ म्हणून, अंगातलं सगळं बळ लावून गच्च आवळत. मग बाकीचे राहिलेल्या बळाने. मी त्यांचा हात धरला. शिवेच्या पलीकडे होतो म्हणूनच हिंमत झाली. "मामा, असं नाही. आधी हा, मग त्याच्या समोरचा, थोडं थोडं. पंगतीत वाढतात तसं. एकाच पानात सगळी भाजी घालायची नाही."

"माले हाईच समजनं नई व्हतं!" ते म्हणाले, आणि इतके हसले, की त्यांची टोपी इंजिनावर पडली.

दोरी ओढली. जड आली. म्हणजे आत कुणीतरी होतं. पुन्हा ओढली. धग्... धग्... आणि मग सलग. नदीच्या पात्रात पाण्यात उभे असलेले बैल माना वळवून बघू लागले. सासरे गाडीवर चढले नाहीत. त्यांनी मला हाताला धरून सीटवर बसवलं आणि स्वतः बाजूने चालू लागले.

दगडाशी परत येताच ते थांबले. मला खाली उतरवलं, रॉकेल आणि वाळू घेतली आणि माझे हात स्वतः चोळून धुऊ लागले. खाली त्यांनी गुडघ्यांवर परात टेकवली होती. तिला आता मधोमध भोक होतं, त्यातून काळं पाणी सरळ त्यांच्या पायावर पडत होतं. "पाय धुयेल परातमा हात धुवाले काय हरकत शे?" ते म्हणाले. दगड ओलांडला आणि ते पुन्हा म्हणू लागले, "या जवाईबापू, सावकाश या."

दुसऱ्या दिवशी पोळा. वेशीत तोरण, ढोल, झुली, शिंगांना बेगड लावलेले बैल. सगळ्यांच्या मागून, सर्वांत शेवटी आमची गाडी. तिच्यावर झूल, पुढच्या धरायच्या चाकाला गोंडे, इंजिनाला झेंडूची माळ. गावचे पाटील आडवे आले. "हाऊ कोनता बैल रे?" सासरे वरून म्हणाले, "हाऊ बैल नुसता गवत चरस, पोटमा काई टाकत नई. असा बैल कोना घर शे, दखाडा माले!" वेस हसली, आणि तोरण वर उचललं गेलं. घराच्या दारात सासूबाई आरती आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी चारही बैलांचे खूर धुतले, पुरणपोळी भरवली. मग वळून त्या गाडीच्या चाकांवरही पाणी घातलं. एक पुरणपोळी इंजिनावरही ठेवली. ती शेजारच्या बैलाने खाल्ली, हे सोडा. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, जेवून गेला. गाय मात्र पडवीत व्याली.

आता जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही ते सांगून टाकतो. धुळ्याला परत जाताना माझ्या नखांत काळं तेल अडकलेलं होतं. ते मला किती आवडलं होतं काय सांगू! आणि घरापाशी पोचल्यावर मी ते लिंबाने घासघासून काढलं, वडिलांना दिसू नये म्हणून. ज्या माणसाने मला पांढरं ठेवायला स्वतःचे हात काळे केले, त्याच्या घरात मी दुसऱ्याच्या हाताखाली काळं होण्याचे दिवस मोजत होतो. पुढे दर पोळ्याला मी सासरी जायचो. लोक म्हणायचे, मास्तरांना पुरणपोळी फार आवडते. वडील गेले तेव्हाही हे मी बोललो नाही. त्यांच्यावर माझं प्रेम नव्हतं असं नाही. पण त्यांनी कधी मला शिवेपलीकडे नेलं नाही, आणि मी कधी म्हटलं नाही, की न्या.

ती गाडी पुढे काही वर्षं चालली. मग ती खरोखरच दमली. शेताच्या बांधाला ती उभी आहे, तिच्या पात्यांमधून गवत वर आलंय आणि ते कापायला कुणी नाही. सासरे आजारी पडले तेव्हा त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात आणलं होतं. एकदा मी त्यांना उचलून बसवलं आणि पाय दाबू लागलो, तर सासूबाई घाबऱ्या झाल्या. "जवाईबापू, तुम्ही नका! पाप लागी आम्हले." सासऱ्यांनी डोळे उघडले. खिडकीबाहेर पाहिलं, कुठे आहोत ते जणू मोजलं. "ऱ्हाऊ दे वं," ते हळूच म्हणाले, "आपन शिवना बाहेर शेतस." मग उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला उचलायला त्यांनी हात पुढे केला, तो त्यांना पेलला नाही, आणि तो माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "धर रे भो."

मी अजूनही पोळ्याला जातो. गावात माझं सगळं यथासांग होतं, तांब्या उचलू देत नाहीत. फक्त गावात जाताना त्या शेंदराच्या दगडापाशी मी जरा वेळ शिवेबाहेरच थांबतो, बाह्या वर करतो, आणि मग खाली घेऊन गावात शिरतो.